कृपा, उपकार आणि पंगत

मराठीतल्या ज्या शब्दांची झडती दलित समीक्षेने अजून नीट घेतलेली नाही, त्यांत 'कृपा' हा शब्द मी वरच्या क्रमांकावर ठेवीन. 'धर्म', 'कर्म', 'पुण्य', 'विटाळ' हे शब्द आपण उलटेपालटे करून पाहिले. त्यांच्या पोटात काय दडले आहे ते चव्हाट्यावर आणले. 'कृपा' मात्र सुटली. ती सौम्य दिसते, कुणाला मारत नाही, कुणाला वेशीबाहेर ठेवत नाही, म्हणून असेल. पण जो समाज पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या मर्जीवर जगला त्याने या सौम्य शब्दाकडे अधिक संशयाने पाहिले पाहिजे.

हा लेख मी चिंचपाड्याहून लिहितो आहे. नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे लहानसे गाव. त्याचे नाव तालुक्याबाहेर पोचले ते तिथल्या ख्रिस्ती दवाखान्यामुळे. मावची, गावीत, भिल्ल, कोकणी अशा आदिवासींचा हा मुलूख. घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येणारा. यातली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती आहेत, पुष्कळ आपल्या जुन्या देवांना मानणारी आहेत आणि एकाच घरात दोन्ही असणेही नवलाचे नाही. मी स्वतः बौद्ध घरात वाढलेला, मास्तरकीच्या निमित्ताने इथे आलेला. माझ्या घरात 'कृपा' या शब्दाला जागा नव्हती. इथे तो आठवड्यातून निदान एकदा, रविवारी, कानावर पडतो. म्हणून त्याचा अर्थ लावण्याची गरज मला वाटली. ख्रिस्ती श्रद्धेतली कृपा म्हणजे नेमके काय? ती दलित-आदिवासी माणसाला उभे करते की गुडघ्यावर बसवते? या प्रश्नाचे उत्तर भाविकतेने मिळणार नाही आणि थट्टेनेही मिळणार नाही.

(१)

प्रथम शब्दाचे सामाजिक चारित्र्य पाहू. मराठीत कृपा नेहमी वरून खाली येते. जुन्या अर्जाच्या तळाशी 'आपला कृपाभिलाषी' असे लिहिले जाई. सरकार मायबाप असे आणि त्याची कृपा असे. पाटलाची, सावकाराची, फॉरेस्टच्या गार्डाची कृपा असे. ती असली तर माणूस त्या वर्षी जगे. बलुत्याचे दाणे हे केलेल्या कामाचा मोबदला होते, पण खळ्यावर ते पदरात टाकताना टाकणाराचा आविर्भाव उपकाराचाच असे. म्हणजे आपल्याकडे कृपा हे हक्क बुडवण्याचे साधन होते. जे कायद्याने, श्रमाने, माणूस म्हणून देणे लागत होते तेच मेहेरबानी म्हणून द्यायचे, आणि वर कृतज्ञता वसूल करायची, अशी ही रीत.

मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्रात 'कृपादान' असा शब्द येतो. पापाचे वेतन मरण, पण देवाचे कृपादान म्हणजे सार्वकालिक जीवन, असा त्या जागेचा आशय. मूळ ग्रीकात त्या दानाला पात्रतेची अट नाही. पण आपल्या परंपरेत 'दान' हा शब्द निरागस नाही. दान सत्पात्री द्यावे लागते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात तर दराचे कोष्टकच आहे: अब्राह्मणाला दिलेल्या दानाचे फळ जेवढ्यास तेवढे, नावाच्या ब्राह्मणाला दिले तर दुप्पट, विद्वान ब्राह्मणाला दिले तर कैक पटींनी. म्हणजे घेणाराची जात देणाराचे पुण्य ठरवते. अशा भाषेत भाषांतरकाराने 'दान' म्हटले की ऐकणाराच्या मनात न कळत पात्रतेची तराजू उभी राहते.

भाषांतराचा हा पेच पंडिता रमाबाईंना जाणवला होता. संस्कृत शास्त्राचे संस्कार घेऊन वाढलेल्या या बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) दोन वर्षांनी, १९२४ साली प्रसिद्ध झाले. अडाणी बाईला समजेल अशी साधी मराठी हवी आणि ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले जड शब्द टाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह भाषेपुरता नव्हता. शब्दाबरोबर समाजही येतो, हे त्यांनी ओळखले होते.

(२)

आता आपल्या बाजूचा आक्षेप. तो बाबासाहेबांनीच मांडलेला आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी आणि धर्मांतरितांच्या स्थितीविषयी त्यांनी जे लिहून ठेवले ते १९८९ साली त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात आले. तिथे त्यांनी वर्मावर बोट ठेवले आहे. अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगितले जाते की तुझी अधोगती तुझ्या पूर्वकर्मामुळे. तोच ख्रिस्ती झाला की त्याला शिकवले जाते की तुझी अधोगती तुझ्या पूर्वजाच्या पापामुळे. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी. ज्या समाजरचनेने त्याला चिरडले ती दोन्हीकडे निर्दोष सुटते. मग लढायचे कशासाठी आणि कोणाशी?

आणि दुसरी गोष्ट. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (१९५७) बाबासाहेब ठासून सांगतात की बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. ज्याला कुणीतरी तारणार आहे तो स्वतः चालायला लागत नाही, ही त्यामागची भीती. दीक्षाभूमीवर १९५६ साली आपल्या लोकांनी जे स्वीकारले त्यात कृपेला जागा नसणे हा अपघात नव्हता. हक्क हे कुणी कनवाळू होऊन देत नाही, ते मिळवावे लागतात, हा ज्यांच्या सगळ्या चळवळीचा कणा त्यांनी कृपेची वाट सोडली यात विसंगती कसलीच नाही.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. तरीही त्याने प्रश्न संपत नाही. कारण बाबासाहेबांची टीका आहे ती मिशनने अस्पृश्यांना प्रत्यक्षात जे शिकवले त्यावर. मूळ शिकवणुकीत दुसरे काही होते काय, आणि असल्यास ते मराठीत का उतरले नाही, हे समीक्षेने पाहायचे आहे.

(३)

मराठीत कृपेचे साहित्य कोणी लिहिले? बाबा पदमनजी ('यमुनापर्यटन', १८५७), पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक. ही माणसे मोठी आहेत. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३७) हे मराठी गद्याचे लेणे आहे आणि सोवळे-ओवळे पाळणारी एक बाई ते कसे टाकत गेली याची इतकी प्रांजळ नोंद मराठीत दुसरी नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, वारकरी अभंगाचा साज ख्रिस्तभक्तीला चढवला आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' काढून मिशनच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले. त्यांचे मोठेपण कोणी हिरावून घेऊ नये.

पण यादी पुन्हा वाचा. त्यात ब्राह्मण आहेत, एक कासार आहे. महार नाही, मांग नाही, भिल्ल नाही, मावची नाही. मराठी ख्रिस्ती समाजात बहुसंख्य कोण? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले महार-मांग. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी, म्हणजे पुन्हा एका ब्राह्मण धर्मांतरिताने, बेथेल वसवले, तिथले मांग. आणि पश्चिम खानदेशातले आदिवासी. चर्चच्या बाकांवर बहुजन आणि गीतांच्या पुस्तकावर अभिजन, अशी ही विभागणी आहे.

तिचा परिणाम आशयावर झाला. टिळकांसारखा चित्पावन कवी देवापुढे स्वतःला पामर म्हणतो, पायांची धूळ म्हणतो, तेव्हा ती त्याची खरी साधना असते. हजार वर्षांचा जन्मजात अहंकार त्याला उतरवून ठेवायचा असतो. त्याच्यासाठी कृपा म्हणजे उंचावरून खाली येणे. म्हणून त्याच्या नम्रतेला तेज आहे. पण तेच पद चिंचपाड्याच्या मागच्या बाकावरची ऊसतोडीची बाई गाते तेव्हा काय होते? तिला पामर तर साऱ्या मुलखाने आधीच ठरवले आहे. मुकादमाने ठरवले, दुकानदाराने ठरवले, कचेरीतल्या शिपायाने ठरवले. तिने देवाच्या घरी येऊनही तेच म्हणायचे? तिला उतरायला पायरीच उरलेली नाही. तिच्यासाठी कृपा म्हणजे खालून वर येणे असायला हवे. तारणाची एकच गोष्ट दोन माणसांना दोन उलट दिशांनी चालवते आणि मराठी ख्रिस्ती काव्याने त्यातली एकच दिशा गायली आहे.

हे केवळ आपल्याकडचे नाही. पाप म्हणजे गर्व, ही व्याख्या पुरुषांच्या अनुभवातून आली. स्त्रीचे पाप असलेच तर ते स्वतःला पुसून टाकण्याचे आहे, असे अमेरिकेतील व्हॅलेरी सेव्हिंग या अभ्यासक बाईने १९६० सालीच लिहिले. तिने स्त्रियांविषयी म्हटले ते दलितांना तंतोतंत लागू आहे. गर्विष्ठाला नम्रता शिकवणारी कृपा आणि पिचलेल्याला ताठ उभी करणारी कृपा यांची भाषा एक असू शकत नाही. लूकच्या शुभवर्तमानात गावातली गरीब पोर मरिया जे स्तोत्र म्हणते त्यात ही दुसरी भाषा आहे. बलवान सिंहासनांवरून ओढले जातात, दीन उंचावले जातात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाती परत जातात. म्हणजे मूळ ग्रंथात विद्रोह आहे. तो गीतांच्या पुस्तकात येईपर्यंत विरघळला.

(४)

आता मूळ शिकवणुकीकडे. कृपेचा सिद्धांत ख्रिस्ती धर्मात ज्याने मांडला तो पौल. युरोपने त्याला पापभीरू, एकांतात तळमळणारा माणूस करून टाकले. 'माझ्या आत्म्याचे काय होणार', हाच जणू त्याचा प्रश्न होता. पण गलतीकरांस लिहिलेले त्याचे पत्र उघडले तर कृपेचा वाद कुठे पेटला ते स्पष्ट दिसते. तो पेटला जेवणाच्या पंगतीत.

अंत्युखिया शहरात यहुदी आणि परजातीय ख्रिस्ती एकत्र जेवत असत. पेत्रही त्यांच्यात बसून जेवत असे. पुढे यरुशलेमहून काही सोवळे मंडळी आली. त्यांना पाहून पेत्र बिचकला आणि परजातीयांच्या पंगतीतून उठू लागला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतरही उठले. तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर खडसावले. आणि याच भांडणाच्या ओघात ते प्रसिद्ध प्रतिपादन येते की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि नियमानेच नीतिमत्त्व मिळत असेल तर देवाची कृपा व्यर्थ ठरते.

आपल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. हा रोटीव्यवहाराचा वाद आहे. विटाळाचा वाद आहे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जो प्रश्न पाण्याचा होता तो अंत्युखियात अन्नाचा होता. कृपा म्हणजे तिथे एकच गोष्ट: या पंगतीला बसायला कुणाचीही जन्माची, शुद्धतेची, पात्रतेची अट नाही. ज्याला ही कृपा मिळाली असे वाटते आणि तरीही जो पंगतीतून उठतो, त्याने कृपा नाकारली. जॉन बार्क्ले या अभ्यासकाने २०१५ साली दाखवून दिले की रोमन जगातही देणगी योग्य माणूस पाहूनच देण्याची रीत होती. देवाची देणगी लायकी न पाहता येते, ही पौलाची खरी खळबळजनक गोष्ट. मनुस्मृतीतले सत्पात्र आणि रोमचे सत्पात्र, दोन्हींचे पितळ तिने उघडे पडते.

आपल्या संतपरंपरेशी हे ताडून पाहा. चोखोबाला विठ्ठलाची कृपा मिळाली असे सारा वारकरी पंथ मानतो. पण चोखोबा पायरीशी राहिला. कृपा झाली आणि दार उघडले नाही. पूर्वजन्मीच्या दोषामुळे आपण या जातीत आलो, असे त्याच्याच नावावरचा एक अभंग सांगतो. म्हणजे कृपेने कर्माचा हिशेब मिटवला नाही, फक्त त्यावर फुंकर घातली. पंढरपूरचे दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. जी कृपा दार उघडत नाही ती सांत्वन असेल, मुक्ती नव्हे. आणि हे ख्रिस्ती मंडळ्यांनाही सुनवावे लागेल. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसाला मेल्यावरही वेगळ्या स्मशानात किंवा भिंतीपलीकडे पुरण्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. तिथे अंत्युखियाचा पेत्र रोज पंगतीतून उठतो आणि खडसावणारा पौल मिळत नाही.

(५)

इथल्या भूमीवर कृपेचा अर्थ कसा लागेल? नवापूर-नंदुरबारकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगाम संपताना हिशेब होतो आणि पुष्कळदा कष्ट फिटतात, उचल फिटत नाही. कर्मसिद्धांत ही अशीच एक वही आहे. नोंद दुसऱ्याने केलेली, वाचता न येणारी, जन्मोजन्मी न फिटणारी. कलस्सैकरांस पत्रात पौलाच्या नावाने एक प्रतिमा येते: आपल्याविरुद्ध लिहिलेला ऋणलेख पुसला गेला आणि वधस्तंभाला ठोकला गेला. कोयत्यावर जाणाऱ्या माणसाला 'कृपा' या शब्दापेक्षा ही फाडलेली वही लवकर कळेल. पण मग त्याने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. देवाने वही फाडली, तर मुकादमाने ती का ठेवावी? वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. आकाशातले ऋण माफ आणि जमिनीवरचे चालू, हा कोणता न्याय?

दुसरी कथा जक्कयाची. हा जकात वसूल करणारा, लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी न बोलावता जेवायला जातो. ही कृपाच, जक्कयाची काही लायकी नव्हती. पण त्यानंतर तो काय करतो? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे नाडून घेतले त्याला चौपट परत करतो. म्हणजे लुबाडणाऱ्याला मिळालेल्या कृपेची खूण परतफेड ही आहे. जर्मनीत हिटलरच्या राजवटीत, १९३७ साली, बोनहोफरने ज्या 'स्वस्त कृपे'वर कोरडे ओढले ती हीच: काही परत न करता, काही न सोडता पदरात पडणारी क्षमा.

आपल्या जिल्ह्याला परतफेडीचा अर्थ माहीत आहे. शहाद्याच्या परिसरात आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या कागदांवर आंगठे घेऊन गेल्या. पाटीलवाडीच्या १९७१ च्या गोळीबारानंतर अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल उभे राहिले, १९७२ साली श्रमिक संघटना झाली, आणि जमीन परत मागितली गेली. मागितली ती भीक म्हणून नव्हे. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा हा या असंतोषाच्या काळातला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे आणि हक्क 'देण्या'ऐवजी ते 'मान्य करण्या'ची भाषा आहे. या एका क्रियापदात उपकार आणि हक्क यांतले सारे अंतर मावते. जे आपलेच होते ते मान्य करायचे असते, दान करायचे नसते.

आणि देवाकडून आलेल्या गोष्टीने माणूस लाचारच होतो असेही नाही. १९२२ साली ठाणे-नाशिककडून डांग-खानदेशमार्गे सुरत जिल्ह्यापर्यंत 'देवी' आली. अंगात आलेल्या गावकऱ्यांच्या तोंडून तिने दारू सोडा, स्वच्छ राहा, पारशी गुत्तेवाल्यावर बहिष्कार घाला असे सांगितले. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ सालच्या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर इतिहास दिला आहे. तिथे देवीचा प्रसाद म्हणजे स्वाभिमान होता. सावकार आणि गुत्तेवाला दोघेही हादरले. माझे एक मावची सहकारी मला म्हणाले, "सर, कृपा हा पुस्तकातला शब्द. घरात म्हातारी माणसं म्हणतात, देवानं दिलं. दिलं म्हणजे वाटून खायचं." याहामोगी ही इथली धान्याची माता. तिने दिलेल्या दाण्यात पात्र-अपात्र निवडलेले नसते. पौलाला अंत्युखियात जे सांगायचे होते त्याच्या पुष्कळ जवळचे हे बोलणे आहे.

(६)

आजचा प्रश्न याहून कडू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यात शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अद्याप बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, म्हणून चिंचपाड्याचा ख्रिस्ती मावची आदिवासीच राहतो. आता त्यालाही यादीतून काढावे अशी मागणी देशभर जोर धरते आहे. म्हणजे माणसाने कोणत्या देवाची कृपा घ्यावी हे राज्य ठरवणार आणि त्यावर त्याचा हक्क मोजणार. जंगल गेले, जमीन गेली, ती काही धर्म विचारून गेली नाही. मग हक्क धर्म विचारून का? आपण बौद्धांनी १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींबाहेर काढली आहेत. या अन्यायाची चव आपल्याला सांगावी लागू नये. ख्रिस्ती आदिवासीच्या आणि ख्रिस्ती दलिताच्या बाजूने उभे राहण्यासाठी त्याची श्रद्धा आपण पत्करण्याची गरज नाही.

निष्कर्ष असा. कृपा हक्काची जागा घेऊ शकत नाही. जिथे ती घेते तिथे ती उपकार होते, आणि उपकार ही गुलामीची सौम्य बाजू आहे. पण कृपेच्या मूळ अर्थात एक हत्यार आहे, ते आपण टाकून देऊ नये. माणसाची किंमत त्याच्या लायकीवर ठरत नाही, असे ती म्हणते. मंडलच्या वादात, १९९० साली, रस्त्यावर उतरून 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा घोष करणाऱ्यांना हाच मुद्दा सुनवायचा होता. जन्माच्या पुण्याईला गुणवत्ता हे नवे नाव देऊन दार लावून घेणारे ते अंत्युखियाचे सोवळे मंडळी होते.

उरतो प्रश्न साहित्याचा. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरमध्ये शूद्रांच्या ईश्वरविद्येचा विषय काढला आणि पुढे दलित ईश्वरविद्या उभी केली. त्यांचा देव सेवक आहे. धुणी धुणारा, घाण उपसणारा. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूत त्यांनी हे पाहिले. तिथे कृपेची दिशाच बदलते. ती वरून पडत नाही, खालून येते. मराठी ख्रिस्ती साहित्यात ही दिशा अजून यायची आहे. ती टिळकांच्या वारसांकडून येईल असे मला वाटत नाही. ती कोयता घेऊन सुरतेकडे गेलेल्या, परत येऊन मुलांना शाळेत घालणाऱ्या बायांच्या बोलण्यातून येईल. मावचीत येईल, भिलीत येईल, कदाचित मराठीला ती आधी अशुद्धही वाटेल. आपल्या नियतकालिकांनी तिच्यासाठी पाने राखून ठेवावीत. ती मेहेरबानी होणार नाही. पंगत मांडली आहे म्हणणाराने ताट मांडायचेच असते.